सुराला शिस्त, शहराला शांतता



संगीतोपचार परिषदेच्या स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचं ठाण्याच्या खोपटमध्ये मनःपूर्वक स्वागत करतो. आपल्यापैकी अनेकजण एसटीने थेट खोपट स्थानकावर उतरलात, काहीजण ठाणे स्टेशनहून रिक्षाने आलात. वाटेतले हॉर्न आपण ऐकलेच असतील. परिषद एखाद्या निवांत टेकडीवर भरवा, असं काहींनी सुचवलं होतं. आम्ही खोपटचाच आग्रह धरला. जिथे माणसं दिवसभर गोंगाटात राहतात, तिथेच आवाजाने बरं करण्याचा विचार व्हायला हवा.

या विचाराला ठाण्याइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल. इथून थोड्याच अंतरावर १९०१ साली सुरू झालेलं मनोरुग्णालय आहे. नरोत्तमदास माधवदास यांचं नाव त्याला होतं. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये याच शहरात ‘आयपीएच’ ही मानसिक आरोग्याची संस्था उभी केली. संगीतभूषण पं. राम मराठे ठाण्यातच राहिले आणि त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव महापालिका भरवते. मनाची काळजी घेणारे आणि सुराची साधना करणारे, दोघेही या गावात नांदतात. त्यांनी एका खोलीत बसून काम करावं, एवढ्यासाठी ही परिषद आहे.

आपल्या मातीत वैद्यक आणि संगीत यांची ओळख जुनी आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात स्वरांचं विवेचन सुरू होण्याआधी त्याने पिंडोत्पत्तीचं प्रकरण घातलं, म्हणजे आधी माणसाचं शरीर समजावून सांगितलं. मंद्र हृदयात, मध्य कंठात आणि तार मस्तकात, अशी नादाची स्थानं त्याने दाखवली. शरीर जाणल्याशिवाय नाद कळत नाही, ही त्याची शिकवण संगीतोपचारकाने गुरुमंत्रासारखी जपावी.

आधुनिक वैद्यकाने ही वाट पुढे नेली. अर्धांगवायूनंतर वाचा गेलेला माणूस साधं पाणी मागू शकत नाही, पण आरती सुरू झाली की शब्दांसकट म्हणतो, हे अनेक घरांनी पाहिलं आहे. बोस्टनच्या अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी १९७३ मध्ये यावरच आधारलेली उपचारपद्धती मांडली. रोजच्या गरजेची छोटी वाक्यं उंच-खालच्या स्वरांत गाऊन घ्यायची, प्रत्येक अक्षराला डाव्या हाताने ठेका धरायचा आणि मग हळूहळू गाण्याकडून बोलण्याकडे आणायचं. कंपवाताच्या रुग्णांवर मायकेल थॉट आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज अर्धा तास, तीन आठवडे ठोक्याच्या तालावर चालण्याचा सराव केल्यावर रुग्णांचा चालण्याचा वेग सुमारे २५ टक्क्यांनी वाढला. पुढचा ठोका कधी पडणार हे कानाला आधी कळतं आणि पाऊल त्याची तयारी ठेवतं. टाळाच्या गजरात वारकरी कोसन्‌कोस चालतो, त्याच्या पायांना हे ठाऊक आहे.

मात्र मित्रहो, एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. अमुक राग रक्तदाबावर, तमुक राग मधुमेहावर, असे तक्ते आज हातोहाती फिरतात. त्यांना पुरेसा पुरावा नाही. असा तक्ता वाचून कुणी गोळ्या बंद केल्या, तर त्याची किंमत त्या माणसाला मोजावी लागते. संगीत चालू उपचारांच्या जोडीने द्यायचं असतं. ते कोणाला, किती वेळ, कोणत्या लयीत द्यायचं, हे रुग्ण पाहून ठरवायचं. ज्या आजीचं सारं आयुष्य जात्यावरच्या ओव्यांत गेलं, तिला आपल्या आवडीचा विलंबित ख्याल ऐकवण्याचा हट्ट आपण धरू नये.

आणि आवाज बरं करतो, तसा तो आजारीही पाडतो. कर्कश आवाजाने झोप उडते, रक्तदाब वाढतो, कानाच्या नाजूक पेशी कायमच्या मरतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालयाभोवतीच्या शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा आहे. ती पाळली जावी म्हणून ठाण्याचेच डॉ. महेश बेडेकर उच्च न्यायालयात गेले. त्यांच्या जनहित याचिकेवर ऑगस्ट २०१६ मध्ये निकाल लागला. ध्वनीने उपचार करणाऱ्यांचं या लढ्याशी जवळचं नातं आहे. खिडकीबाहेर डीजेच्या भिंती थरथरत असताना आत तंबोरा लावून काय उपयोग?

म्हणून यजमान या नात्याने माझ्या तीन विनंत्या आहेत. गायक-वादकांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच रुग्णाकडे जावं आणि प्रत्येक सत्राची नोंद ठेवावी. जे साधलं ते लिहावं, जे साधलं नाही तेही लिहावं. डॉक्टरांनी संगीताला करमणूक समजून टाळू नये, आपल्या विभागात त्याला आठवड्यातला एक तास द्यावा. आणि ठाणेकरांनो, येत्या प्रत्येक उत्सवात आपल्या मंडळाचा आवाज मर्यादेत ठेवण्याची जबाबदारी आपण स्वतः घ्यावी.

पाहुण्यांनो, व्यवस्थेत काही उणं राहिलं तर हक्काने सांगा. इथे होणाऱ्या चर्चेतून ठाण्याच्या एका जरी रुग्णालयात शिस्तीने चालणारं संगीतोपचार केंद्र उभं राहिलं, तर आपलं इथे येणं सार्थकी लागेल. त्या कामाला आजच हात घालू या.