छोट्या फटफटीचे दाते

सायकलवरून जाताना चढ लागला आणि पाय भरून आले, की आपण खाली उतरतो नि सायकल हातानं ढकलतो. इंजिनाला मात्र खाली उतरता येत नाही. ते बिचारं तिथंच झगडत राहतं. म्हणून आज मिनिबाइकच्या, म्हणजे माळावर नि पांदणीत फिरवायच्या छोट्या फटफटीच्या, दात्यांविषयी चार शब्द सांगणार आहे.

या गाडीला बहुधा गिअर बदलण्याची सोय नसते. इंजिनाच्या बाजूला लहान दातेरी चाक, मागे मोठे, आणि दोहोंवर चेन; एवढाच कारभार. तेव्हा दाते आधीच विचार करून निवडावे लागतात.

हिशेब सोपा आहे. मागच्या दात्यांना पुढच्या दात्यांनी भागा. पुढे १० आणि मागे ६० असतील, तर प्रमाण ६. इंजिनाचे ६ फेरे होतात, तेव्हा मागच्या चाकाचा १ होतो. अशी पुष्कळशी इंजिने मिनिटाला ३६०० फेऱ्यांच्या आसपास आवरलेली असतात. म्हणजे चाकाचे ६०० फेरे. चाकाचा घेर दीड मीटर धरला, तर वेग तासाला ५४ किलोमीटर झाला. आता मागे ७२ दाते बसवा. वेग ४५ वर उतरेल, पण चाकाचा जोर एक-पंचमांशाने वाढेल. जोर हवा तर वेग सोडायचा, वेग हवा तर जोर सोडायचा. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

तुम्ही म्हणाल, वेगच घेऊ की! इथंच फसगत होते. या गाडीचा क्लच इंजिनाचा वेग वाढला तरच घट्ट धरतो. वेगाच्या हव्यासानं प्रमाण कमी ठेवलं, तर चढावर इंजिन दबतं, क्लच घसरत राहतो, तापतो आणि अखेर जळतो. मग ऐन चढावर ओढ सुटते आणि गाडी मागे येऊ लागते. वर आपलंच पोर बसलेलं असतं, हे विसरू नका.

म्हणून सपाट माळ पाहून दाते ठरवू नका. आपल्या वाटेवरचा सर्वांत अवघड चढ पाहून ठरवा. आणखी एक ध्यानात ठेवा. १० ला ६० आणि ११ ला ६६, प्रमाण एकच. म्हणजे इथं पुढचा एक दाता मागच्या सहांच्या तोडीचा आहे. मात्र पुढचं चाक फार लहान केलं, तर चेन जास्त वाकते आणि लवकर झिजते. दाते बदलले, की चेनचा ताण पुन्हा तपासा. ब्रेक आणि डोक्यावरचं शिरस्त्राण यांत तर काटकसर नकोच.

गुरुजींना एक विनंती. वर्गात सायकल उलटी ठेवा, मागच्या चाकावर खडूची खूण करा, आणि पायडल एकदा हातानं फिरवून चाकाचे फेरे मुलांना मोजायला सांगा. मग दोन्हीकडचे दाते मोजून भागाकार करू द्या. फळ्यावरचं गुणोत्तर मुलांच्या हातात येईल.