तराजू, बांबू आणि अँटेना

पुण्यात दूरदर्शन दिसू लागलं ते १९७३ साली, सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे. पुढची कितीतरी वर्षं शहरातल्या गच्च्यांवर ॲल्युमिनियमच्या नळ्यांचे सांगाडे सिंहगडाकडे तोंड करून उभे असत. वारा सुटला की ते फिरत. मग घरातलं एक पोरगं गच्चीवर, दुसरं जिन्यात आणि आई टीव्हीसमोर. "आलं का?" "नाही, मुंग्याच आहेत!" "आता?" "आता आलं! हात काढू नकोस!"

आज ज्या विषयावर बोलायचं आहे, त्याची ही सगळ्यांत स्वस्त प्रयोगशाळा. अँटेना किती चांगली, हे आपण तेव्हाही मोजतच होतो. फक्त आकडा नव्हता. आणि ते "हात काढू नकोस" फार शास्त्रीय वाक्य आहे. हात लावला की माणूसच अँटेनाचा भाग होतो.

त्या सांगाड्याचं नाव यागी. जपानच्या यागी आणि उदा या दोघांनी १९२६च्या सुमारास ही रचना मांडली. मेहनत बरीचशी उदांची, नाव झालं यागींचं. हे आमच्या कवींच्या जगातही होतं, म्हणून लक्षात राहिलं.

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण परीक्षा देऊन हौशी बिनतारी संदेशवहनाचा, म्हणजे हॅम रेडिओचा, परवाना घेतला आहे. या छंदात 'गेन' हा शब्द रोज कानावर पडतो. बाजारात तो असा उच्चारला जातो, की जणू अँटेना आपल्या पदरची वीज घालते. तसं काही नसतं. बॅटरीतला बल्ब उघडा ठेवला तर उजेड चहूकडे सांडतो. मागे चकचकीत वाटी लावली की तोच उजेड समोरच्या वाटेवर पडतो. बल्ब तोच, सेल तेच. समोर जे वाढलं ते बाजूचं आणि मागचं कमी करून. गेन म्हणजे एवढंच.

हा गेन डेसिबलमध्ये सांगतात. तीन डेसिबल म्हणजे दुप्पट, सहा म्हणजे चौपट, दहा म्हणजे दहापट. पण कशाच्या दुप्पट? इथे खरी मेख आहे. एक पद्धत अशी, की सगळ्या दिशांना अगदी सारखी उधळण करणाऱ्या अँटेनाशी तुलना करायची. अशी अँटेना कुणीच बांधलेली नाही, ती फक्त कागदावर असते. दुसरी पद्धत साध्या डायपोलशी, म्हणजे मधोमध जोडलेल्या दोन सरळ कांड्यांशी तुलना करण्याची. डायपोल स्वतःच त्या कागदी अँटेनापेक्षा २.१५ डेसिबलने सरस असतो. त्यामुळे खोक्यावर नुसतं 'नऊ' छापलं आणि कशाच्या तुलनेत ते सांगितलं नाही, की गिऱ्हाइकाला दोन डेसिबल फुकटात मिळाल्यासारखे वाटतात.

हिंजवडीत आयटी कंपन्यांमध्ये काम करणारी पाच-सहा पोरं या छंदात आहेत. त्यातला एक औसा तालुक्यातला. किल्लारीचा भूकंप झाला त्या १९९३ साली त्याचा जन्मही झाला नव्हता, पण त्या पहाटेनंतर बाहेरगावच्या नातेवाइकांना घरच्यांची खबर किती उशिरा लागली, हे ऐकतच तो मोठा झाला. त्याला गावच्या घरावर यागी बसवायची होती. दुकानातली पाच कांड्यांची सात हजारांना होती. आम्ही तीन कांड्यांची घरीच केली, सहाशे रुपयांत. प्रश्न एवढाच होता, की आपली अँटेना सात हजारांच्या अँटेनापुढे किती लंगडी आहे?

हे मोजायची प्रयोगशाळेतली यंत्रं लाखांच्या घरात जातात. आमच्याकडे होता टीव्ही बघण्यासाठी बनवलेला एक यूएसबी डोंगल. साधारण २०१२पासून जगभरचे हौशी लोक त्याचा रेडिओ म्हणून वापर करतात. शिवाय नॅनोव्हीएनए नावाचं खिशात मावेल असं यंत्र. ते अँटेना आणि केबल यांचा मेळ बसतो का, ते दाखवतं. पण मेळ उत्तम म्हणजे गेन उत्तम, असं समजू नये. केबलच्या टोकाला पन्नास ओहमचा साधा रोधक जोडला तर मेळ एकदम झकास दिसेल, आणि आवाज शेजारच्या खोलीतही जाणार नाही.

डोंगल दाखवतो त्या आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही. मग मोजायचं कसं? तराजूसारखं. भाजीवाल्याच्या जुन्या तराजूवर आकडे कुठे होते? दांडी सरळ झाली की नाही, एवढंच तो सांगतो. खरेपणा वजनांत असतो. आमची वजनं म्हणजे ॲटेन्युएटर, संदेश ठरावीक प्रमाणात क्षीण करणाऱ्या डब्या. दोन-चार रुपयांचे रोधक पत्र्याच्या डबीत डकवून एक, दोन, तीन, दहा डेसिबलच्या केल्या. जशी पावशेर, अर्धा शेर. डबी मात्र घट्ट बंद हवी, नाहीतर संदेश फटीतून गळतो आणि वजन खोटं ठरतं.

रविवारी सकाळी माणच्या बाजूला एका मोकळ्या जागेवर गेलो. आयटी पार्कातले रस्ते त्या वेळी चक्क चालण्याजोगे असतात. एका टोकाला १४५ मेगाहर्ट्झवर अर्ध्या वॅटचा प्रेषक. आधी ऐकून खात्री केली, की तिथे कुणी बोलत नाही. चाळीस पावलांवर दुसऱ्या टोकाला बांबू. लोखंडी खांब नको, तो मध्ये तोंड घालतो. बांबूवर आधी डायपोल चढवला. डोंगलची आपोआप आवाज सांभाळायची सोय बंद केली, कारण ती चालू असली की तराजूची दांडी कुणीतरी हाताने सरळ धरल्यासारखी होते. आकडा लिहून घेतला. मग त्याच जागी, त्याच उंचीवर, त्याच केबलला आमची यागी. आकडा वर गेला. डब्या जोडत गेलो. पाच डेसिबलला आकडा अजून किंचित वर, सहाला किंचित खाली. म्हणजे साडेपाच.

"चाचा, जरा मागं सरका, तुमच्यामुळं आकडा हलतोय," औशाचा पोरगा म्हणाला. मी सरकलो. पण त्याहून मोठा त्रास समोरच्या काचेच्या इमारतींचा आणि जमिनीचाच. लहर सरळ येते, तशी आपटूनही येते. दोघी कधी हातात हात घालतात, कधी एकमेकींना पुसून टाकतात. म्हणून बांबू वर-खाली करून, दोन पावलं पुढे-मागे सरकवून सात-आठ वेळा मोजलं. इतकं करूनही एखाद्या डेसिबलची घट-वाढ धरावीच लागते. दुकानातली अँटेना भरली साडेसहाच्या आसपास. म्हणजे खोक्यावरचं 'नऊ' खोटं नव्हतं. ते कागदी अँटेनाच्या हिशेबातलं होतं. त्या हिशेबाने आमचीही साडेसात भरते.

ही काही गरिबाची जुगाडू रीत नव्हे. आपल्याच जिल्ह्यात, नारायणगावजवळच्या खोडदला, गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, त्याही पोलादी तारांच्या जाळीच्या. तिथले शास्त्रज्ञही आधी 'थ्री सी २८६'सारख्या, तेज ठाऊक असलेल्या स्रोताकडे तबकड्या वळवतात आणि मग त्याच्या मापाने बाकीचं आकाश मोजतात. त्यांचं वजन आकाशात, आमचं पत्र्याच्या डबीत.

साडेपाच डेसिबलने काय होतं? पाच वॅटचा हातातला संच त्या एका दिशेला सतरा-अठरा वॅटचा वाटतो, तोही बॅटरी जास्त न खाता. आणि पलीकडचा क्षीण आवाजही तितकाच उचलून येतो. डिसेंबर २००४मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम रेडिओच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला गेले होते. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन बंद पडले, आणि अंदमानातल्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर कळवायला त्यांचा रेडिओ कामी आला. २००५च्या २६ जुलैला मुंबईत मोबाइल मुके झाले होते, हेही आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. अशा वेळी वीज नसते आणि बॅटरी घटाघटाने संपत असते. तिथे एकेक डेसिबल मोलाचा.

औशाच्या पोराने सहाशे रुपयांचीच अँटेना नेली. वाचलेल्या पैशांतून एक बॅटरी आणि छोटं सौरपॅनल घेतलं. आता दिशा कोणती ठेवायची, यावरून घरात वाद चालू आहे. त्याचा आग्रह लातूरकडे तोंड करण्याचा. वडील म्हणतात, सोलापूरकडे, तिकडे बहिणीचं घर आहे. मी त्याला सांगितलं, यागी बांबूवरच ठेव आणि खाली फिरवायला दोरी बांध.