मत हे बक्षीस आहे काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



 माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, त्यामुळे मोठे शब्द माझ्यापाशी नाहीत. जे वाचले, जाणत्यांना विचारून घेतले आणि कामे करता करता मनात घोळवले, तेच आपणांपुढे मांडते.

हल्ली एक बोलणे सारखे कानावर येते. पारावर, एस.टी.त, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. लोक म्हणतात, "मत सगळ्यांना फुकट मिळते, म्हणून त्याची किंमत राहिली नाही. ज्याने पलटणीत नोकरी केली, किंवा निदान दोन वर्षे देशाचे काही काम केले, त्यालाच मताचा हक्क द्यावा." असे बोलणारी माणसे काही वाईट नसतात. माझे धाकटे दीर फौजेत आहेत. मागच्या मतदानाच्या वेळी आमच्या जाऊबाई मला म्हणाल्या, "अक्का, हे तिकडे थंडीत पहारा करतात आणि इथे माणसे मतदानाची सुट्टी घेऊन महाबळेश्वरला जातात. मग दोघांचे मत सारखे कसे?" त्यांच्या बोलण्यात राग होता आणि त्या रागाला कारणही होते. तेव्हा हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

आपला सातारा जिल्हा तर शिपायांचाच. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला लोक मिलिटरी अपशिंगे म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. अशा मुलखात शिपायाचा मान कमी करावा असे कोणाला वाटेल? मान त्याला द्यावा, पेन्शन द्यावी, त्याच्या मुलांच्या शिक्षणाची सोय करावी. पण मत फक्त त्यालाच द्यावे का, हा प्रश्न निराळा आहे.

भगिनींनो, ही कल्पना नवी नाही. आपल्या मुंबई इलाख्यात ती होऊन गेली आहे. १९१९ आणि १९३५ च्या इंग्रजांच्या कायद्यांत मत सर्वांना नव्हते. जो ठराविक शेतसारा किंवा कर भरी, त्याला मत. फौजेतून निवृत्त झालेल्या शिपायाला त्याच्या नोकरीमुळे मत. बायकांना मत मिळावे म्हणून सरोजिनी नायडू आणि इतर स्त्रिया १९१७ साली माँटेग्यूसाहेबाला भेटल्या. १९२१ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलाने बायकांची आडकाठी काढली, पण मिळकतीची अट राहिलीच. पुढे १९३५ च्या कायद्याने आणखी काही बायकांना वाट मिळाली. कोणाला? नवऱ्याच्या पात्रतेवर त्याच्या बायकोला, लिहिता-वाचता येणारीला, आणि शिपायाची पेन्शन मिळणाऱ्या विधवेला वा आईला. साऱ्या देशात अशा बायका सुमारे ६० लाख झाल्या.

त्यातली आई मनात आणा. आईला मुलाची पेन्शन मिळते ती मुलगा गेल्यावर. म्हणजे पोर गमावल्यावर त्या माउलीला सरकारने मतदार ठरवले. आणि शेजारच्या घरात जी बाई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाऊन पाच मुले वाढवत होती, तिला काहीच नाही. इंग्रजांनीच नव्हे, कॅनडानेही १९१७ साली युद्धाच्या काळात शिपायांच्या बायका, विधवा, आया, बहिणी आणि मुलींना मत दिले. इतर बायका तशाच राहिल्या. घरातला पुरुष लढायला गेला म्हणून बाईला किंमत आली. तिची स्वतःची किंमत काय, हे कोणी विचारले नाही.

आता दुसरी गोष्ट पाहा. सेवेवर मत द्यायचे, तर सेवेचे दार सर्वांना उघडे असायला हवे. ते तसे असते का? महार समाजाचे लोक पूर्वी कंपनीच्या आणि इंग्रजांच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या होते. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार होते, आणि बाबासाहेबांची शाळा साताऱ्यातच सुरू झाली. त्याच महारांची फौजेतली भरती इंग्रज सरकारने १८९० नंतर बंद केली. पहिल्या महायुद्धात माणसे हवी झाली तेव्हा महारांची पलटण उभी केली, आणि युद्ध सरल्यावर १९२१ साली ती मोडून टाकली. पुढे १९४१ साली महार रेजिमेंट निघाली. जर मत केवळ शिपायाला, तर मधल्या साऱ्या वर्षांत त्या समाजाचे मत सरकारनेच काढून घेतले असते आणि वर म्हटले असते, "तुम्ही सेवा कुठे केली?" याच बाबासाहेबांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे सर्व वयात आलेल्या स्त्री-पुरुषांना मत मागितले, यात नवल ते काय!

आपल्या बायकांचेही तेच. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ साली निघाली, ती देशातली पहिली. पण सैनिक शाळांतून सगळीकडे मुलींना प्रवेश मिळू लागला तो २०२१-२२ पासून. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत मुली दाखल झाल्या २०२२ साली. दार लावून घ्यायचे आणि आत का आला नाहीत म्हणून दंड करायचा, हा न्याय नव्हे.

कोणी म्हणेल, फौज नको, देशाचे कोणतेही काम चालेल. ठीक. पण ते मोजणार कोण? १९४३ पासून आपल्या जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार चालले. भूमिगत लोक रानावनातून हिंडत. त्यांना रात्री-अपरात्री भाकरी करून कोणी दिली? घराघरांतल्या बायकांनी दिली. १९७२ साली केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू केली तेव्हा तुरुंगवासाचा किंवा भूमिगत असल्याचा पुरावा मागितला. सरकारला पुरावा लागतोच, त्याला इलाज नाही. पण भाकरीचा दाखला कोणत्या बाईने जपून ठेवला असेल? सासऱ्याचे अंथरुणावरचे दुखणे काढणे, पाण्याच्या घागरी वाहणे, मुले शाळेला घालणे, ही सेवा कोणत्या वहीत चढते? वही ज्याच्या हातात, मत त्याच्या हातात, असे होईल.

शिक्षणाचेही असेच आहे. हरियाणात २०१५ साली पंचायतीला उभे राहण्यासाठी शिक्षणाची अट घातली: पुरुषाला दहावी, बाईला आठवी, दलित भगिनींना थोडी सवलत. सर्वोच्च न्यायालयानेही ती मान्य केली. ती अट उभे राहण्यापुरती आहे, मताला नाही. तरी मला वाटून गेले, मी त्या गावात असते तर माझ्या सातवीवर मला पंच होता आले नसते. एक अट चालली की दुसरी मागून येते.

जाऊबाईंना मी एवढेच म्हणाले, "फौजेला सीमेवर कोण पाठवते? सरकार. मग सरकार निवडताना ज्यांची पोरे जातात त्या आईबापांना, आणि ज्यांच्या करातून बंदुका येतात त्या शेतकऱ्या-मजुरांना विचारायला नको का?" शिपाई हुकूम पाळतो. हुकूम देणाऱ्याला जाब विचारणे हे आपणा सर्वांचे काम आहे आणि मत हे त्याचे साधन आहे. बक्षीस देणारा ते परतही मागू शकतो. हक्क तसा परत मागता येत नाही. म्हणूनच १९५० सालच्या आपल्या घटनेने ३२६ व्या कलमात कोणतीही नोकरी, मिळकत वा शिक्षण न विचारता मत दिले. तेव्हा वय २१ होते, १९८९ पासून १८ आहे.

मात्र जाऊबाईंचा राग मी विसरलेली नाही. मिळालेला हक्क वापरायचा नाही, हे त्या शिपायाच्या पहाऱ्याला शोभत नाही. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत उत्तरेकडच्या काही प्रांतांत बायकांनी आपले नाव सांगितले नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको एवढेच लिहवले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद मानली नाही, आणि सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून गेली. आपण नवऱ्याचे नाव उखाण्यात घेतो. त्या भगिनींना स्वतःचेच नाव सांगता आले नाही!

तेव्हा मंडळाला माझी एक विनंती आहे. या वर्षी प्रत्येकीने आपल्या आळीतल्या दहा घरांच्या याद्या पाहाव्यात. नव्या सुनेचे नाव माहेरीच राहिले असेल तर आठ नंबरचा फॉर्म भरावा. १८ पूर्ण झालेल्या मुलीचा सहा नंबरचा भरावा. त्यासाठी आता वर्षातून चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना आपण लिहून द्यावे. एवढे केले तर सेवाही घडेल, आणि ती कोणाच्या मताची अट होणार नाही.