मीठ, मेंदू आणि 'टेन्शन'



माझ्या मावशीला उच्च रक्तदाब होता. एका शिबिराहून ती दोन गोष्टी शिकून आली: बीपी हा मनाचा आजार आहे, आणि साध्या मिठाऐवजी सैंधव वापरलं की पथ्य लागत नाही. तिने गोळ्या सोडल्या. पुढच्याच वर्षी तिला अर्धांगवायूचा झटका आला. आज ती चालते, पण बोलताना शब्द अडखळतात. मी याच विषयात संशोधन करतो. दर रविवारच्या फोनवर ती "बरी आहे" म्हणायची आणि मी गोळ्यांबद्दल कधी विचारलं नाही.

सैंधवाचं आधी उरकतो. तेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच. रंग गुलाबी असला म्हणून त्यातलं सोडियम कमी होत नाही.

मनाचा मुद्दा मात्र सविस्तर बोलण्याचा आहे, कारण बीपीत मेंदूचा हात खरोखरच असतो. फक्त तो मनाचा नव्हे. मेंदू इथे एखाद्या ग्रंथीसारखा वागतो.

मिठाने सगळ्यांचं बीपी सारखं वाढत नाही. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या वाइनबर्गर यांच्या अभ्यासात उच्च रक्तदाब असलेल्यांपैकी साधारण निम्मे आणि नसलेल्यांपैकी साधारण चतुर्थांश लोक 'मीठ-संवेदनशील' निघाले. याचं मूळ शोधायला लुईस डाल यांनी न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेत १९६० च्या दशकात उंदरांची निवडक पैदास केली. एका वाणाचं बीपी मिठाने भडकायचं, दुसऱ्याचं जवळपास जागेवर राहायचं. मग त्यांनी मूत्रपिंडांची अदलाबदल केली, तर बीपी मूत्रपिंडाच्या मागोमाग गेलं. मूत्रपिंड मीठ बाहेर टाकत नाही, पाणी साठतं, दाब वाढतो, असा सरळ हिशेब मांडला गेला. तो चूक नाही, पण अपुरा आहे.

मेंदूत काही चिमुकल्या जागा अशा आहेत, जिथे रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा विरळ असतो. तिथल्या पेशी रक्तातलं सोडियम चाखून बघतात. शिवाय संवेदनशील उंदरांना खारट खाणं दिलं की मेंदूभोवतीच्या द्रवातलं सोडियमही वाढतं. त्याने हायपोथॅलॅमसमध्ये अल्डोस्टेरॉनचं काम सुरू होतं. हे संप्रेरक आपण मूत्रपिंडावरच्या ग्रंथींचं म्हणून शिकलो, पण मेंदूही ते अल्प प्रमाणात बनवतो. एलिस गोमेझ-सांचेझ यांनी १९८० च्या दशकात दाखवलं, की रक्तात सोडून काहीच होत नाही इतकं थोडं अल्डोस्टेरॉन मेंदूत सोडलं तर उंदरांचं बीपी चढतं. पुढे त्यांनी डाल यांच्या संवेदनशील उंदरांच्या मेंदूत त्या संप्रेरकाला अडवणारं औषध सोडलं. उंदीर मीठ खात राहिले, बीपी चढलं नाही. मूत्रपिंड तर तेच होतं!

पुढची कडी गमतीची आहे. ऊआबेन हे आफ्रिकेतल्या शिकाऱ्यांचं, बाणाच्या टोकाला लावायचं वनस्पतिज विष. तसाच पदार्थ आपलं शरीरही बनवतं, असं १९९१ मध्ये मेरीलँडमधल्या गटाने मांडलं. त्याचं रासायनिक रूप काय, यावर अजून भांडणं आहेत. ओटावात फ्रान्स लीनेन यांच्या गटाने मेंदूतल्या या पदार्थाला प्रतिपिंडांनी बांधून टाकलं, आणि मिठाने चढणारं बीपी रोखलं गेलं. हा पदार्थ अँजिओटेन्सिनचा मार्ग चेतवतो, त्यातून सिम्पथेटिक नसा जाग्या होतात आणि रक्तवाहिन्या आवळल्या जातात. २०१५ मध्ये मॉन्ट्रियलहून आणखी एक गोष्ट पुढे आली: भरपूर मीठ खाणाऱ्या उंदरांत व्हॅसोप्रेसिन स्रवणाऱ्या पेशींवरचा ब्रेकच निकामी होतो.

यातलं बरंचसं उंदरांतलं आहे, हे विसरू नये. माणसाच्या मेंदूत अशा नळ्या घालून बघता येत नाही. अल्डोस्टेरॉनला अडवणारं स्पायरोनोलॅक्टोन हट्टी बीपीवर उत्तम चालतं, हे २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीत दिसलं. पण ते मेंदूवर चालतं की मूत्रपिंडावर, हे त्यावरून ठरत नाही.

या साखळीत कुठेही माणसाचा स्वभाव येत नाही. मावशी शांत बसून श्वास मोजत होती, तेव्हा मीठ आपलं काम करत असणारच. प्राणायाम जरूर करावा, पण गोळीच्या जागी नव्हे. "तू टेन्शन घेतेस म्हणून" असं तिला घरच्यांनी वर्षानुवर्षं ऐकवलं, त्याचा मला आजही राग येतो.

आपण संवेदनशील आहोत की नाही, हे दवाखान्यात पटकन सांगणारी चाचणी नाही. म्हणून दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा सर्वांनाच लागू. इथे अमेरिकेत बहुतेक मीठ ब्रेड, सूप, पिझ्झा आणि हॉटेलातून येतं. आपल्याकडे त्यात लोणचं-पापडाची भर. चीनमध्ये ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं मीठ वापरलं, तर पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. असं मीठ इथल्या दुकानांत मिळतं. मात्र मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा स्पायरोनोलॅक्टोन वा लिसिनोप्रिलसारखी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नका. रक्तात पोटॅशियम धोकादायकरीत्या वाढू शकतं.

आता तुमचे प्रश्न घेतो.