उपग्रहाचा तापमापक आणि आपले वावर



अकोला-अमरावतीचे ऊन आपल्याला कोणी सांगायला नको. पण साऱ्या पृथ्वीची हवा तापते, हे कसे कळते? 1978 च्या अखेरीपासून उपग्रह हवेतील प्राणवायूतून निघणाऱ्या सूक्ष्मलहरी मोजतात. हवा जितकी गरम, तितक्या त्या तीव्र. त्यावरून काही किलोमीटर जाडीच्या थराचे तापमान काढतात. मात्र उपग्रह हळूहळू खाली येतात. त्यामुळे तापमानवाढ कमी दिसत होती. ही चूक 1998 मध्ये वेन्ट्झ व शाबेल या शास्त्रज्ञांनी दाखवली.

बोध हाच की, उंची सरकली तर आकडा चुकतो. शिवाय उपग्रहाचा हा आकडा आपल्या वावराचा नव्हे. म्हणून कमाल-किमान तापमापक सावलीत, सव्वा मीटर उंचीवर कायम ठेवा. रोज ठरल्या वेळी नोंद करा. हरभरा पेरताना, संत्र्याला पाणी देताना ही वही कामी येईल.