दुसरी हाक



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांची हजेरी घेण्याची रीत अनेकांना आठवत असेल. नाव पुकारल्यावर ‘हजर’ असे उत्तर आले नाही, तर ते लगेच गैरहजेरी मांडीत नसत. मान वर करून पाहत आणि दुसऱ्यांदा हाक देत. मराठीच्या प्राध्यापकाने रुग्णवाहिकांविषयी का बोलावे, असे कार्यवाहांनी मला विचारले होते. त्याचे उत्तर या दुसऱ्या हाकेत आहे.

२६ ऑक्टोबर १९९२ रोजी सकाळी लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने संपूर्ण शहरासाठी संगणकाची नवी व्यवस्था सुरू केली. गाडी कोठे आहे, मोकळी आहे की रुग्ण घेऊन निघाली आहे, हे गाडीतील यंत्राने रेडिओवरून केंद्राला कळवावे आणि जवळची मोकळी गाडी संगणकाने निवडावी, अशी योजना होती. ही माहिती जवळजवळ निर्दोष मिळत राहील, हे तिचे गृहीतक. आणि तेच ढासळले. काही जागी रेडिओलहरी पोहोचत नव्हत्या. पाळी बदलताना गाड्या एकदम बोलू लागल्या की मार्ग तुंबत. कर्मचारी घाईत बटण दाबायला विसरत, कधी भलतेच दाबीत. संगणक मात्र शेवटची कळलेली स्थिती हीच आताची स्थिती मानून चालला. एकाच रुग्णाकडे दोन गाड्या जाऊ लागल्या. कोठे जवळची राहून लांबची निघाली. इशाऱ्यांच्या ओळी इतक्या साचल्या की आधीच्या पडद्याबाहेर सरकल्या. गाडी येईना म्हणून लोक पुन्हा फोन करीत, भार आणखी वाढे. दुसऱ्या दिवशी दुपारी अंशतः जुन्या, माणसांच्या पद्धतीकडे परतावे लागले. (४ नोव्हेंबरला व्यवस्था पुरतीच बंद पडली, पण ते संगणकाच्या स्मृतीतील चुकीमुळे, आणि तो आजचा विषय नव्हे.)

आपल्या हैदराबादेत २००५ साली सुरू झालेली १०८ क्रमांकाची सेवा आपण सारे जाणतो. आज अशा गाड्यांच्या हाती मोबाइलचे जाळे आले आहे. तरी जोडणी तुटतेच. भुयारी मार्ग, उंच इमारतींची सावली, एका मनोऱ्याच्या कक्षेतून दुसऱ्याच्या कक्षेत जाणे, ही कारणे सहज ध्यानात येतात. मला चकित केले ते एका निराळ्या कारणाने. काही काळ अबोल राहिलेली जोडणी मधले यंत्र आपल्या नोंदीतून परस्पर पुसून टाकते आणि दोन्ही टोकांना कळवीत नाही. गाडीतला पडदा ‘जोडलेले’ म्हणतो, केंद्रातलाही तेच म्हणतो. निरोप मात्र मध्येच नाहीसा होतो. इकडे कोणाच्या तरी घरी म्हातारी आई छातीवर हात धरून बसलेली असते.

यावर तंत्रज्ञांनी योजलेले उपाय गुरुजींना पटले असते. काम नसतानाही गाडीने ठरावीक वेळाने ‘हजर’ म्हणावे. प्रत्येक निरोपाची पोच यावी. न आल्यास निरोप पुन्हा जावा. त्यावर क्रमांक असावा, म्हणजे दोनदा पोहोचलेला निरोप दोन निरोप ठरणार नाही. आणि माझ्या मते सर्वांत मोलाचे हे, की पडद्यावर गाडीच्या खुणेशेजारी ती शेवटची केव्हा बोलली ती वेळ दिसावी. ती वेळ फार मागे पडली, की केंद्रातील माणसाने आवाजाचा रेडिओ उचलून त्या गाडीला हाक द्यावी.