परवाना गेला, कचेरी राहिली

कारखान्यातून ठरवून दिल्यापेक्षा अधिक माल निघाला तर तो नियमभंग ठरे, असे आजच्या तरुणास सांगितले तर तो ते थट्टेवारी नेईल. परंतु १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) अधिनियमाखाली आपल्या देशात चाळीस वर्षे हीच स्थिती होती. माल किती काढावा, कोठे काढावा, याचा निर्णय दिल्लीत होई. यंत्र परदेशातून आणावयाचे तर आयात-निर्यातीच्या मुख्य नियंत्रकाची अनुज्ञा, लोकांकडून भांडवल उभारावयाचे तर आणखी एका नियंत्रकाची. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर महिनोन्महिने फिरत राही. राजाजींनी या व्यवस्थेला ‘परमिट-लायसेन्स राज्य’ म्हटले, ते उगीच नव्हे.

ती उभारणाऱ्यांस आज दोष देणे सोपे आहे. परकीय चलन तुटपुंजे होते; ते चैनीच्या वस्तूंवर उधळले जाऊ नये, हा हेतू वाईट म्हणता येणार नाही. पण वाटप करणाऱ्याच्या हाती जी सत्ता साचते, ती मूळ हेतूची फार काळ पर्वा करीत नाही.

१९९१ साली परकीय चलनाची गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतीच उरली आणि सोने परदेशी गहाण ठेवण्याची पाळी आली. त्या वर्षी २४ जुलै रोजी नरसिंह राव यांच्या सरकारने अठरा उद्योग वगळून बाकी सर्वांचा परवाना रद्द केला. पुढच्याच वर्षी भांडवल-नियंत्रकाचे पद संपुष्टात येऊन ‘सेबी’ला कायद्याचे अधिष्ठान लाभले. आयात-निर्यातीचे ‘नियंत्रक’ जाऊन तेथे विदेश व्यापाराचे ‘महासंचालक’ आले. पाटी बदलली, आणि काही अंशी कामही बदलले, हे मान्य केले पाहिजे.

मग नोकरशाही आटोपशीर झाली काय? १९९७ साली पाचव्या वेतन आयोगाने पगारवाढ सुचविली आणि तिच्याबरोबर दहा वर्षांत तीस टक्के नोकरकपातही सुचविली. पगारवाढ मिळाली, कपातीची शिफारस कपाटातच राहिली!

वस्तुतः कामाची जात पालटली. ‘आणू नका’ असे फाइलीवर लिहिण्याची ज्या खात्यास सवय, त्याच्यावर जागतिक व्यापार संघटनेपुढे आयातबंदीचे समर्थन करण्याचा प्रसंग आला. तो वाद भारत हरला, आणि १ एप्रिल २००१ पासून उरलीसुरली परिमाणबंधनेही उठली. दूरध्वनी, वीज यांसाठी स्वतंत्र नियामक मंडळे निघाली. त्यांतील खुर्च्यांवर पुष्कळदा सेवानिवृत्त सनदी अधिकारीच विराजमान झाले, हा भाग वेगळा.

तथापि दिल्लीचा दरवाजा उघडला म्हणून तहसील कचेरीची खिडकी उघडली असे झाले नाही. जमीन, पाणी, बांधकाम हे विषय राज्यांकडचे. १९९१ च्या धोरणाचा हात तेथवर पोचणारा नव्हता. पीथमपूरच्या कारखानदाराची दिल्लीवारी चुकली. पण पतीच्या निधनानंतर शेत आपल्या नावावर लावून घेणाऱ्या विधवेची पटवाऱ्याकडील खेप चुकली नाही. येथेच मला या साऱ्या प्रकरणाचे मर्म दिसते. टेलिफोनसाठी लोक वर्षानुवर्षे खोळंबत. दुसरी, तिसरी कंपनी आली आणि ती रांग नाहीशी झाली. पण पटवारी दुसरा कोठून आणावा? जातीचा दाखला शेजारच्या दुकानात मिळत नाही. जेथे स्पर्धा असूच शकत नाही, तेथे बाजार खुला केल्याने कारकुनाची चाल बदलत नाही. तेथे कायद्यानेच मुदत बांधावी लागते.

अशी मुदत कायद्याने प्रथम बांधली ती मध्यप्रदेशाने, २०१० च्या लोकसेवा हमी अधिनियमाने. ठरलेल्या दिवसांत दाखला मिळाला नाही तर अपील करता येते. विलंब विनाकारण ठरला तर संबंधित अधिकाऱ्यास दिवसाला अडीचशे रुपये, कमाल पाच हजारांपर्यंत, दंड होऊ शकतो, आणि त्यातून अर्जदारास भरपाई देण्याचीही सोय आहे. महाराष्ट्राने तसा कायदा २०१५ साली केला. रक्कम मोठी नाही. पण ती खिशातून जाते, सरकारी तिजोरीतून नव्हे. मात्र अर्जच न घेता ‘उद्या या’ म्हणणे ही कचेरीची जुनी युक्ती आहे. तेव्हा अर्ज देताच तारखेची पोचपावती मागून घ्यावी. मुदतीची मोजणी तेथूनच सुरू होते.